तिला खुर्चीला बांधा, पण तिचं डोकं चालू राहू द्या : मराठी मालिका लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मालिकांचे कथालेखक, पटकथा-संवाद लिहिणारे, दिग्दर्शक आणि सगळ्या वाहिन्यांच्या क्रिएटिव्ह टीममधली मंडळी

सप्रेम नमस्कार,

मालिका बंद करा, मालिकांनी समाज बिघडवला वगैरे सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. मी रोज बघते. मनापासून बघते. नायिका संकटात सापडते आणि नायक धावत येतो तो सीन तर मला लहानपणापासून आवडतो, आणि मी एकटीच नाही, सकाळच्या लोकलमधे लेडीज डब्यात आदल्या रात्रीच्या एपिसोडवर जेवढं बोललं जातं त्यातलं निम्मं बोलणं तरी याच सीनवर असतं. तो वेळेवर पोचला का, फाइट बरी होती का, त्यानं तिला उचललं तेव्हा मागे टायटल साँग वाजायला हवं होतं की नाही, इथपर्यंत चर्चा जाते. पण गेल्या काही वर्षांत त्या चर्चेत एक प्रश्न सारखा यायला लागलाय आणि तो आता तुमच्यापर्यंत पोचायला हवा म्हणून लिहायला बसले. प्रश्न असा की, ती तोपर्यंत काय करत होती?

कुठल्या मालिकेचं नाव घेत नाही, कारण हा सीन एका मालिकेचा राहिलेलाच नाही. लग्नाच्या किंवा हळदीच्या दिवशी नायिकेला कुणाचातरी खोटा फोन येतो, ती घरात कुणाला न सांगता बाहेर पडते, रिक्षातून उतरते, मागून तोंडावर रुमाल येतो. मग बंद पडलेलं गोडाऊन, कोपऱ्यात निळे ड्रम, वरून लोंबणारा एक पिवळा बल्ब. ती खुर्चीत, हात मागे, नायलॉनची दोरी पैठणीच्या वरून दोन वेढे. समोर माणूस फोनवर बोलत बोलत बाहेर जातो आणि दार उघडं टाकून जातो. तिची पर्स दोन हातांवर पडलेली, पर्समधला फोन वाजतोय, स्क्रीनवर नायकाचं नाव दिसतंय, आणि ती त्या फोनकडे बघून रडते. एवढंच करते. पाय मोकळे आहेत, खुर्ची साधी प्लास्टिकची आहे, दार उघडं आहे, तरी ती बसून राहते. कॅमेरा तीनदा मंगळसूत्रावर किंवा हळदीच्या हातांवर जातो, ती म्हणते मला खात्री आहे तुम्ही याल, आणि एपिसोड फ्रीज. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी एक तासाचा महाएपिसोड, त्यात बाइक दार तोडून आत येते.

आता ही बाई कोण होती ते आठवा. हीच बाई आधी शेकडो एपिसोड आम्ही बघितलीय ना. हिनं बँकेत जाऊन सासऱ्यांच्या खोट्या सह्या पकडल्या होत्या, बचत गटाचे पैसे खाणाऱ्याला चारचौघांत हिशोब मागितला होता, नणंदेला फसवणाऱ्या मुलाचे चॅट्स शोधून काढले होते. प्रोमोत तुम्हीच तिला डोकेबाज, खंबीर, स्वाभिमानी म्हणून आणलंत आणि म्हणून आम्ही तिच्यासाठी टीव्हीसमोर बसलो. मग दोरी बांधली की ती हुशारी जाते कुठे? हात बांधलेत, डोकं तर मोकळं आहे. माझी पूर्ण तक्रार या एका गोष्टीची आहे. तिला संकटात टाकायला माझी ना नाही, वाटल्यास दर महिन्याला टाका, पण संकटात सापडलेली बाई तीच बाई असू द्या जी आम्हाला माहीत आहे.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. आठवड्याला सहा-सहा एपिसोड द्यायचे, आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक कमी असते, सीन सेटवर पोचेपर्यंत संवाद बदलत असतात, कुणाची तारीख नसते, कुणी आजारी पडतं, आणि गुरुवारी रेटिंग आलं की मागच्या आठवड्याची मेहनत एका आकड्यात मोजली जाते. अशा वेळी अपहरणाचा ट्रॅक हाताशी असतो. एक लोकेशन, दोन गुंड, एक फाइट मास्टर, आठवडा निघतो. शिवाय नायकाला बरेच दिवस काही काम नसतं, घरात बायकांचीच भांडणं चालू असतात, तेव्हा त्याला उभं करायला हा एकच मार्ग सोपा वाटत असणार. हे सगळं मान्य. पण सोपं म्हणजे एवढं सोपं नको की बघणाऱ्या बाईला वाटावं आपल्याला गृहीत धरलंय.

आणि आपल्याकडे संकटातल्या बाईच्या गोष्टी काय कमी आहेत का. बाहेरून काही आणायचीच गरज नाही. अशोकवनातली सीता घ्या. पळवून नेलेल्या बाईची याहून मोठी गोष्ट आपल्याकडे नाही. चोहोबाजूंनी राक्षसिणींचा पहारा, समोर रावण, आणि वाल्मीकी रामायणात ती रावणाशी बोलते तेव्हा मधे गवताची एक काडी ठेवते आणि मग त्याला सुनावते. एक काडी! ना शस्त्र ना कुणी सोबत, पण त्या काडीनं ती स्पष्ट करते की मी तुझ्याशी बोलतेय तेही माझ्या अटीवर. नंतर हनुमान येतो आणि म्हणतो माझ्या पाठीवर बसा, आत्ता नेतो, तर ती नाही म्हणते. समुद्रावरून जाताना मी पडले तर, राक्षस मागे लागले तर तू लढशील का मला सांभाळशील, आणि रामानं येऊन रावणाला हरवून मला न्यावं तेच त्याला शोभेल, अशी कारणं देते. म्हणजे सुटका दारात उभी असताना ती विचार करतेय. कुणी आणि कसं सोडवायचं हे ती ठरवतेय. मला सांगा, आपल्या मालिकेत गोडाऊनमधल्या नायिकेला असा एक निर्णय शेवटचा कधी घ्यायला मिळाला?

द्रौपदीचं तर काय सांगू. वस्त्रहरण म्हटलं की सगळ्यांना श्रीकृष्ण आणि न संपणारी साडी आठवते, दूरदर्शनवरच्या महाभारतात रूपा गांगुलींनी तो सीन असा केला की आमच्या आईच्या पिढीतल्या बायका अजून सांगतात की रविवारी सकाळी तो एपिसोड बघताना घरात कुणी बोलत नव्हतं. पण त्या प्रसंगाची सुरुवात साडीपासून होतच नाही. तिला बोलवायला सेवक येतो तेव्हा ती जात नाही, ती त्याला उलट पाठवते, की जा, त्या जुगार खेळणाऱ्याला सभेत विचारून ये, आधी स्वतःला हरलास का आधी मला? कारण जो स्वतःच दास झाला तो बायकोला पणाला लावणार कुठल्या हक्कानं. भीष्मांना उत्तर देता येत नाही, धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून बसतात. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं उठतो. आणि पुढचं तर कुणी दाखवतच नाही धड. धृतराष्ट्र घाबरून वर देतो, ती पहिल्या वरानं युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्या वरानं बाकीच्या चौघांना त्यांच्या शस्त्रांसकट, आणि तिसरा वर माग म्हटल्यावर नाही म्हणते. कर्णसुद्धा त्या सभेत म्हणतो की बुडणाऱ्या पांडवांना ही नाव होऊन पार घेऊन गेली. पाच नवरे तिनं सोडवले! जिच्यावर सगळ्यात वाईट प्रसंग आला तीच बाकीच्यांना वाचवून बाहेर पडली.

आणि कीचक. अज्ञातवासात विराटाच्या घरी राणीचा भाऊ कीचक द्रौपदीच्या मागे लागतो तेव्हा ती रात्री कुणाकडे जाते? मुदपाकखान्यात, भीमाकडे. युधिष्ठिराकडे जात नाही, कारण तो शांत राहा म्हणणार हे तिला माहीत आहे. आपल्याला कोण वाचवू शकतो हे ओळखून तिनं माणूस निवडला, त्याला झोपेतून उठवलं, आणि कीचकाला रात्री नृत्यशाळेत बोलावण्याचा निरोपही स्वतः दिला. मारलं भीमानं, पण तिच्याशिवाय ते घडलंच नसतं. याच गोष्टीवरचं खाडिलकरांचं कीचकवध 1907 साली रंगभूमीवर आलं तेव्हा लोकांनी कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन बघितला आणि इंग्रज सरकारनं 1910 मधे त्यावर बंदी घातली. म्हणजे संकटातली बाई आणि तिची सुटका या मसाल्यात एवढा दम असतो की राज्य करणारे हादरतात. तोच मसाला आपण हळदीच्या महाएपिसोडमधे वाया घालवतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्या सिनेमाची सुरुवातच मुळी या सीननं झालीय. 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमधे फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला. त्यात शिकारीला गेलेल्या राजाला बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात, तो धावतो, बघतो तर विश्वामित्र यज्ञ करून शक्तींना त्यांच्या मनाविरुद्ध ताब्यात घेतोय, आणि हा त्यांना सोडवतो. झालं, ऋषी चिडले, आणि त्या एका सोडवण्यापायी राजाचं राज्य गेलं, बायको विकली गेली, पोरगं गेलं, स्वतः स्मशानात कामाला लागला. सोडवण्याची किंमत असते हे पहिल्याच सिनेमानं दाखवलं. आजच्या आपल्या नायकाला दहा गुंड मारून भुवईवर एक लाल रेघ येते आणि दुसऱ्या दिवशी तीही पुसलेली असते. त्याचं काहीच जात नसेल तर तो आला याचं मोल आम्हाला कसं वाटणार? ना नोकरी जात, ना घरच्यांशी वाकडं येत, ना पोलीस विचारत की बाबा दहा जणांना का मारलंस.

अजून एक गोष्ट फाळक्यांचीच. 1917 च्या लंकादहनमधे अण्णा साळुंके यांनी राम पण केला आणि सीता पण केली. बाई कामाला मिळत नव्हती म्हणून, पण विचार करून बघा, वाट बघणारी आणि सोडवायला येणारा दोन्ही एकच नट. दोन्ही भूमिकांना तेवढीच मेहनत, तेवढाच अभिनय. मला वाटतं लिहिताना हे डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ होईल, की तुमच्या सगळ्यात चांगल्या नटाला ही बांधलेली भूमिका करावीशी वाटेल का? वाटणार नसेल तर सीनमधे काहीतरी कमी आहे.

फॅन लोकांत हा विषय निघाला की शोले निघतोच. तिथे पण नीट बघा. बसंतीला गब्बरची माणसं पकडायला येतात तेव्हा ती पहिले छूट टांगा पळवते, धन्नो जीव तोडून धावते, चाक तुटेपर्यंत ती हार मानत नाही. पकडली गेली ती सगळं करून झाल्यावर. आणि पुढे जो सीन आहे त्यात दोरीनं बांधलेलं कोण आहे? वीरू! बसंती उन्हात, फुटक्या काचांवर नाचतेय, कारण तिचे पाय थांबले तर त्याचा जीव जाणार. जय येऊन दोघांना सोडवतो हे खरं, पण जय येईपर्यंत वीरूला जिवंत ठेवलं बसंतीनं. 1975 चा सिनेमा आहे आणि अजून लोक तो सीन थांबून बघतात ते यामुळेच, ती नुसती बसलेली नाही, प्रत्येक क्षणाला काहीतरी पणाला लागलंय. आणि तो टांगा पळवणारी खरी बाई रेश्मा पठाण, हेमा मालिनींची डुप्लिकेट, त्या स्टंटमधे तिला लागलं पण होतं. आपल्याकडे फाइट मास्टरांच्या हाताखाली आज शिकलेल्या स्टंट करणाऱ्या मुली आहेत, त्यांना बोलवा ना, नायिकेला दोन मिनिटं झटापट तरी करू द्या.

परदेशातलं एकच सांगते कारण ते मला फार आवडतं. रेल्वे रुळाला बांधलेली बाई हे चित्र सगळ्या जगाला माहीत आहे. पण 1867 मधे न्यूयॉर्कच्या ज्या नाटकानं हा सीन गाजवला त्यात रुळाला बांधलेला होता पुरुष, आणि कोंडलेल्या खोलीचं दार कुऱ्हाडीनं फोडून, गाडी यायच्या आत त्याला सोडवणारी होती बाई. नंतर कधीतरी लोकांनी ते उलटं करून लक्षात ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल की तुमच्या बायकांनाच असं आवडतं, रेटिंग बघा. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण आमच्या डब्यात यावर खरंच जोरात वाद होतात. माझ्याहून लहान मुली म्हणतात की हा प्रकारच नको, बाईनं स्वतःच सुटावं, नायक कशाला हवा. आणि आमच्यातल्या एक काकू आहेत, नोकरीची बरीच वर्षं झालीत, घरी सासू अंथरुणाला, त्या एकदा म्हणाल्या की अगं दिवसभर मीच सगळ्यांसाठी धावते, कुणाचं औषध, कुणाची फी, कुणाचा डबा, मला त्या अर्ध्या तासात बघायचं असतं की कुणीतरी सगळं टाकून एका बाईसाठी धावत सुटलंय. डब्यात कुणी काही बोललं नाही त्यावर. मला पण उत्तर सुचलं नाही आणि खरं तर उत्तर द्यायचंही नव्हतं, कारण त्यांचं खरं आहे. आपल्यासाठी कुणीतरी यावं ही इच्छा कमकुवतपणाची नाही. ती प्रत्येकाला असते, पुरुषांना पण असते. म्हणून मी म्हणत नाही की नायक येऊ देऊ नका. येऊ द्या, धावत येऊ द्या, मागे ढोल वाजवा. पण काकूंना जे हवंय ते नीट ऐका. त्यांना रडत बसलेली बाई बघायची नाहीये, त्यांना कुणालातरी किंमत असलेली बाई बघायचीय. स्वतः सगळं करून थकलेली, शेवटचा जोर लावलेली, आणि मग कुणीतरी आलं. तुम्ही फक्त येणं दाखवता आणि आधीचं सगळं गाळून टाकता, त्यामुळे त्याच्या येण्यातही मजा राहत नाही.

खरा राग मला दुसऱ्या दिवशीच्या एपिसोडचा आहे. सुटका झाली, घरी आली. नायक काय करतो? ओरडतो. तुला एकटीला जायची काय गरज होती, मला सांगता येत नव्हतं का, तुला काही झालं असतं तर. आणि ती मान खाली घालून सॉरी म्हणते. पळवलं दुसऱ्यानं आणि माफी ही मागतेय! त्याच्या पुढे सासू किंवा आत्या, रात्रभर कुठे होतीस, कुणी हात लावला का, मग लग्न मोडायची भाषा, मग देवघरासमोर शपथ, मग दिव्यावर हात. हा ट्रॅक दोन-दोन आठवडे चालतो. सोडवायला एक तास आणि संशयाला दोन आठवडे. ज्यानं पळवलं तो मधेच गायब होतो किंवा थोड्या दिवसांनी सुधारून कुटुंबाच्या फोटोत उभा असतो.

याचा घरात काय परिणाम होतो ते तुम्हाला सांगते. आमच्या ओळखीतली एक मुलगी, अकरावीला, क्लासच्या रस्त्यावर एक मुलगा रोज मागे यायचा. तिनं घरी कुण्णाला सांगितलं नाही, सांगितलं थेट मैत्रिणीला, कारण घरी कळलं तर पहिला क्लास बंद होणार हे तिला पक्कं माहीत होतं. मी म्हणत नाही की हे तिला मालिकेनं शिकवलं, ते तर घराघरात आधीपासून आहेच. पण त्याच घरात रात्री टीव्ही चालू असतो आणि त्यात ती बघते की पळवून नेलेली बाई घरी येऊन सॉरी म्हणते. तिला त्याच वेळी दुसरं काही दिसलं असतं तर? नायिका घरी येते आणि सासरे म्हणतात, बस, चहा घे, मग आपण पोलीस स्टेशनला जाऊ. एवढं वाक्य. त्या मुलीनं कदाचित त्याच रात्री आईला सांगितलं असतं.

आणि कायद्याचं काहीच कसं येत नाही हो तुमच्याकडे? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम 78 प्रमाणे बाईचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे, कलम 87 मधे लग्नाला भाग पाडायला बाईला पळवून नेण्याची शिक्षा आहे, म्हणजे तुमच्या निम्म्या खलनायकांचं काम अगदी तेच. गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर नोंदवता येतो. तातडीच्या मदतीला 112 लावता येतो, बायकांसाठी 181 हेल्पलाइन आहे, ट्रेनमधे असाल तर 139. नायिकेनं बांधलेल्या हातांनी खुर्ची सरकवत जाऊन, नाकानं का होईना, तो वाजणारा फोन उचलला आणि फक्त आवाज ऐकू दिला, नायकानं तिकडून 112 लावला, दोघांच्या कामानं जागा सापडली, असा एक एपिसोड लिहून बघा. सस्पेन्स कमी होणार नाही, वाढेल. आणि बघणाऱ्या लाखभर बायकांना एक नंबर पाठ होईल.

सुटकेनंतरचं कसं लिहायचं ते आपल्याच मराठी सिनेमात आहे. सैराट, 2016. आर्चीचं बुलेट आणि ट्रॅक्टर सगळ्यांना आठवतं, परश्याला आणि त्याच्या मित्रांना मारत असताना तिनं पिस्तूल हातात घेतलेलं पण आठवतं. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सुमनअक्का. हैदराबादेत ही दोन पोरं रस्त्यावर, रात्रीचे गुंड मागे लागलेले, आणि छाया कदम यांनी केलेली ती बाई येऊन सोडवते. सीन छोटासा आहे, कुठलीही हिरोछाप एंट्री नाही. पण सोडवून ती निघून जात नाही. राहायला खोली देते, कामाला लावते, नवीन गावात उभं राहायला शिकवते. सोडवणं म्हणजे तेवढी फाइट नाही, नंतरचे सगळे दिवस पण त्यात आले. आणि लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, मराठीत तोपर्यंत कुणी न बघितलेला धंदा केला. तेव्हा प्रेक्षकांना हे झेपत नाही असं कृपा करून म्हणू नका.

मिर्च मसाला पण बघा एकदा लिहायला बसण्याआधी. सुभेदाराला सोनबाई हवी आहे आणि गावातले पुरुष तिला देऊन टाकायला तयार आहेत, मसाल्याच्या कारखान्याचा म्हातारा पहारेकरी अबू मियाँ तेवढा दार लावून उभा राहतो आणि मारला जातो. मग आतल्या बायका तिखट घेऊन बाहेर येतात. सोनबाई केलेल्या स्मिता पाटील गेल्यानंतर काही आठवड्यांनी हा सिनेमा लागला. मला तो बघताना दर वेळी वाटतं की यात सोडवणारा पण आहे, सोडवून घेणारी पण आहे, आणि सोबतच्या बायका पण आहेत ज्यांना आधी वाटत होतं की हिच्यामुळे आपल्यावर संकट आलं. तुमच्या मालिकेत जावा, नणंदा, शेजारणी मिळून इतक्या बायका असतात, त्यांना गोडाऊनपर्यंत एकदा तरी जाऊ द्या की.

आणि एक राहिलंच. त्यानं वाचवलं म्हणून तिनं त्याच्या प्रेमात पडायचं, हे थांबवा. त्यातही जो आधी तिच्या मागे मागे फिरायचा, फोटो काढायचा, तिच्या ऑफिसखाली उभा राहायचा, त्यालाच एक दिवस गुंडांपासून वाचवायला लावता आणि मागचं सगळं माफ. कॉलेजच्या वयाची मुलं हे बघतात. वाचवल्यावर तिनं मनापासून धन्यवाद म्हणावं, त्याच्या जखमेला पट्टी करावी, आणि तरीही नाही म्हणावं, आणि त्यानं ते ऐकून घ्यावं. असा नायक मला बघायचाय. आमच्या डब्यातल्या लहान मुलींना पण बघायचाय, विचारलंय मी.

तर लग्नसराई येतेय, दोन-तीन मालिकांमधे लग्नाचे ट्रॅक येणार हे प्रोमोवरून दिसतंयच, म्हणजे कुणीतरी हळदीच्या दिवशी पळवली जाणार. पळवा. पण ती गोडाऊनमधे शुद्धीवर आल्यावर पहिल्या मिनिटाला काय बघते ते लिहा, दार कुठे आहे, माणसं किती आहेत, बाहेर ट्रेनचा आवाज येतोय का भोंग्याचा. तिला समोरच्या गुंडाशी बोलू द्या, त्याला बोलण्यात गुंतवू द्या, गाठ सोडायचा प्रयत्न फसला तरी चालेल. नायक आला की त्यानं तिला आधी विचारावं, तू बरी आहेस का, आणि मग जे सांगायचं ते तिला सांगू द्यावं. सोमवारचा एपिसोड पोलीस स्टेशनमधल्या बाकावरचा लिहा, ती जबाब देतेय आणि शेजारी सासू तिची पर्स मांडीवर धरून बसलीय. हा एपिसोड आम्ही रिपीटला किंवा मोबाइलवर दुसऱ्या दिवशी नाही बघणार, लागतो त्या वेळेला टीव्हीवर बघू, आणि मंगळवारी सकाळी डब्यात ज्यांनी नाही बघितला त्यांना पूर्ण सांगू.

तुमची,
रोजची एक प्रेक्षक, डोंबिवली